झाकण उघडण्याआधी

“पीए उडाला,” असं सांगत येणाऱ्या हॅमला मी पहिला प्रश्न पीएबद्दल विचारत नाही. तुमच्या डीपीवर शेतीच्या मोटारी किती आहेत, ते विचारतो. मग अँटेनाच्या केबलच्या जोडावर टेप शेवटचं कधी गुंडाळलं आणि पंख्याची जाळी कधी झाडली, ते. एवढ्यात बहुतेक वेळा बिघाडाचा माग लागतो, आणि डब्याचा एक स्क्रूही अजून निघालेला नसतो. हौशी रेडिओच्या पॉवर ॲम्प्लिफायरची देखभाल आणि दुरुस्ती यांवरच्या या पुस्तिकेत पुढे पुष्कळ आकृत्या आणि मोजमापं आहेत, पण माझं मुख्य म्हणणं थोडकं आहे. जळतं ते आत जळतं. जळण्याचं कारण मात्र बहुधा बाहेरून आलेलं असतं: विजेच्या वायरीतून, अँटेनाच्या केबलमधून, हवेतून, नाहीतर चालवणाऱ्याच्या हातून. ते कारण तसंच ठेवून नवा ट्रान्झिस्टर बसवला, तर तोही जुन्याच्याच वाटेनं जातो आणि खिशातले पैसे घेऊन जातो.

या विषयात जे नवे आहेत त्यांच्यासाठी आधी चार ओळी. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळतो, त्याबरोबर स्वतःची हाकखूण मिळते, आणि मग ठरवून दिलेल्या पट्ट्यांमध्ये स्वतःच्या यंत्रावरून जगातल्या दुसऱ्या परवानाधारकांशी बोलता येतं. यातून पैसे कमावता येत नाहीत, गाणी लावता येत नाहीत. १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांनी आणि त्यांतल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शक्तीला मर्यादा घातली आहे. लघुलहरींवर सामान्य श्रेणीच्या परवान्याला ४०० वॅट, मर्यादित श्रेणीला ५० वॅट. बाजारात मिळणारा नेहमीचा ट्रान्सीव्हर, म्हणजे रिग, १०० वॅट देतो. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी २००३ साली मांडलेला बिटएक्स, जो देशात अनेकांनी घरी बसून झाळला, तो पाच-सहा वॅटचा. यापुढची मजल ज्या डब्यानं मारायची तो पॉवर ॲम्प्लिफायर. आपल्यात त्याला कुणी लिनिअर म्हणतं, कुणी पीए.

ती मजल किती लांबची, हे आधी नीट बघावं. १०० वॅटचे ४०० वॅट केले तर वाढ ६ डेसिबलची होते. ऐकणाऱ्याच्या एस-मीटरवर हे एक घर. काटा ७ वर होता, तो ८ वर जाईल, बस. उलट बारीक आरजी-५८ केबल छपरावरून तीस मीटर फिरवून आणली, तर १४ मेगाहर्ट्झवर सुमारे दीड डेसिबल तिच्यातच जिरतं, म्हणजे जवळजवळ तीस टक्के शक्ती केबल गरम करण्यात खर्च. ज्याची केबल अशी आहे आणि डायपोल कडुनिंबाच्या फांदीत अडकला आहे, त्यानं पीए घेण्याआधी त्या पैशांतून जाड केबल आणि लोखंडी पाइप घ्यावा. हे सांगितलं की काही मंडळी नाराज होतात. पीए टेबलावर दिसतो, केबल दिसत नाही, हे त्याचं कारण असावं.

मग मराठवाड्यातल्या मंठ्यासारख्या गावात पीए लागतो कधी? इथून मुंबई सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, हैदराबाद त्याहून थोडं जवळ. दिवसा ७ मेगाहर्ट्झवर बेताच्या उंचीचा डायपोल आपली शक्ती वर आकाशाकडे टाकतो, ती आयनांबरावरून परतून चारशे किलोमीटरच्या घेरात पसरते, आणि १०० वॅटवर मजेत गप्पा होतात. अडचण उन्हाळ्याच्या शेवटी येते. वळवाचे ढग भरले की शेकडो किलोमीटरवरच्या विजांची खरखर कानात भरते, समोरच्याचे शब्द तिच्यात बुडतात, आणि तेव्हा ते एक घर कामाला येतं. दूरदेशीच्या गाठीभेटींसाठीही येतं. पण एक अट कायम आहे. पीए फक्त आपलं बोलणं मोठं करतो, ऐकणं नाही.

ही अट आपत्तीच्या वेळी फार महत्त्वाची ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारी हादरली. मंठ्यापासून सरळ दक्षिणेला पावणेदोनशे किलोमीटर. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली. नेहमीचे संपर्क तुटले तेव्हा हॅम मंडळी आपली यंत्रं घेऊन कामाला लागली. जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपातही तसंच झालं. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला मुळात हौशी मोहिमेवर गेल्या होत्या, व्हीयू४आरबीआय या हाकखुणीवर जगाशी गाठीभेटी करायला. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच स्टेशन अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोचवू लागलं. अशा प्रसंगी आपत्तीच्या भागात गेलेला माणूस बॅटरीवर, थोड्या वॅटवर बोलत असतो. बाहेरच्या मुख्य स्टेशनाचा पीए त्याच्यापर्यंत निरोप ठामपणे पोचवतो. पण त्याचा क्षीण आवाज ऐकायला चांगला अँटेना आणि शांत जागाच हवी. घरात चार्जरांची आणि एलईडी दिव्यांची खरखर भरलेली असेल, तर कितीही वॅट असले तरी आपण बहिरेच.

आणखी एक गोष्ट. आपत्ती येईल तेव्हा वापरू म्हणून कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलेला पीए त्या दिवशी चालेलच, असं नाही. वर्षानुवर्षं व्होल्टेज न मिळालेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की ते गरम होऊन फुगतात, कधी फुटतात. काचेच्या ट्रान्समिटिंग ट्यूबमध्ये हळूहळू वायू साठतो. ३-५००झेड सारख्या ट्यूबची रचना अशी आहे की तिची प्लेट चांगली तापली तरच तो वायू शोषला जातो. पडून राहिलेली ट्यूब पहिल्याच दिवशी पूर्ण एचटीवर, म्हणजे प्लेटच्या उच्च व्होल्टेजवर, आतल्या आत ठिणगी टाकू शकते. म्हणून दर काही महिन्यांनी पीए चालवावा. बराच काळ पडून असेल तर डिमरस्टॅटवर हळूहळू व्होल्टेज चढवत, मधे थांबत, तासन् तास लावून जागा करावा. बॅटरीवरच्या पीएचा हिशेबही आधीच करून ठेवावा. ४०० वॅट बाहेर काढायला १२ व्होल्टच्या पीएला ५० अँपिअरच्या आसपास लागतात. घरातल्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी सलग एवढा करंट दोन-अडीच तासांपलीकडे फारशी देत नाही. बोलण्यात मधे मधे विराम असतात, म्हणून प्रत्यक्षात ती जास्त पुरते. पण गावात लाईट दोन दिवस नसेल तर पीए बंद ठेवून १०० वॅटवर काम करणं शहाणपणाचं.

आता विजेकडे येतो. मराठवाड्यात या विषयावर जितकं लिहावं तितकं थोडं. यंत्राच्या पाटीवर २३० व्होल्ट छापलेलं असतं. भिंतीतल्या सॉकेटाला ते ठाऊक नसतं. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की दिवे डिम होतात, मोटारींची पाळी संपली की व्होल्टेज उसळी मारतं. ट्यूबच्या पीएवर याचा परिणाम कसा होतो, ते एका साखळीत बघू. ३-५००झेडच्या फिलामेंटला ५ व्होल्टवर साडेचौदा अँपिअर लागतात. सॉकेटात १८४ व्होल्ट आले की फिलामेंटला ४ व्होल्ट मिळतात. थोरियम मिसळलेली टंगस्टनची तार एवढ्या तापमानाला पुरेसे इलेक्ट्रॉन सोडत नाही. शिवाय प्लेटची एचटीही वीस टक्क्यांनी उतरलेली असते. आउटपुट पडतं. ऑपरेटरला ते आवडत नाही, तो रिगवरून ड्राइव्ह वाढवतो. प्लेटकडे जायला इलेक्ट्रॉन नाहीत, पण ग्रिड आपला वाटा घेतेच. ग्रिड करंट लाल रेषेपलीकडे जातो. आवाजाचे उंच भाग सपाट कापले जातात, सिग्नल आजूबाजूच्या वारंवारतांवर पसरतो, आणि शेजारच्या वारंवारतेवरचा माणूस शिव्या घालतो. असे काही महिने गेले की ग्रिडची बारीक तार वाकते आणि एके दिवशी फिलामेंटला टेकते. मग निदान होतं: ट्यूब खराब निघाली.

व्होल्टेज जास्त आलं तर नुकसान याहून गुपचूप होतं. आउटपुट छान दिसतं, कुणी तक्रार करत नाही. थोरियमच्या फिलामेंटबाबत ट्यूब बनवणाऱ्या आयमॅकनं दिलेला अंदाज असा की व्होल्टेज तीन टक्क्यांनी वाढलं की ट्यूबचं आयुष्य निम्मं होतं. २३० च्या जागी २५३ म्हणजे दहा टक्के जास्त. तीन-तीन टक्क्यांच्या तीन पायऱ्या चढून आयुष्य आठव्या हिश्शाच्याही खाली. म्हणून फिलामेंटचं व्होल्टेज ट्यूबच्या पायांवर, खऱ्या आरएमएस मल्टिमीटरनं, वेगवेगळ्या वेळी मोजा. स्टॅबिलायझर घेणार असाल तर सर्व्हो घ्या. फ्रीजसोबत मिळणारा रिलेवाला स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्यानं उडी मारतो आणि प्रत्येक उडीत एचटीला धक्का देतो.

याहून वाईट असते जाऊन लगेच परत येणारी लाईट. चांगल्या पीएत सुरुवातीचा झटका अडवायला एक रेझिस्टर असतो आणि थोड्या वेळानं रिले त्याला बायपास करतो. लाईट क्षणभरच गेली तर तो रिले सुटलेलाच नसतो, आणि परत येणारी वीज थेट रिकाम्या कपॅसिटरांवर आदळते. डायोड जातात, फ्यूज जातो, कधी स्विचचे पॉइंट चिकटतात. यावरचा इलाज आपल्या शेतकऱ्याच्या मोटारीजवळ लोखंडी पेटीत बसलेलाच आहे. स्टार्टर लाईट गेली की सुटतो आणि हिरवं बटण दाबेपर्यंत लागत नाही. पीएच्या मेनलाही असाच स्वतःला धरून ठेवणारा कॉन्टॅक्टर लावा. रात्री उठायला नको म्हणून मोटारीला ऑटो बसवतात, तो मात्र इथे बसवू नका.

मोटारीचा विषय निघालाच आहे तर मोटारी भरणाऱ्या माणसाचाही काढतो. तालुक्याच्या गावी आरएफचा इंजिनिअर सापडत नाही, पण वायंडिंगचं दुकान बसस्टँडच्या आसपास हमखास असतं. जळालेला एचटी ट्रान्सफॉर्मर मुंबईला पाठवायची गरज नाही. तारेचा गेज, फेऱ्यांची संख्या आणि थरांमधला कागद नीट लिहून दिला तर हा माणूस तो इथेच भरून देतो. फक्त दोन गोष्टी त्याला मुद्दाम सांगाव्या लागतात. एक, त्याची मोटार ४१५ व्होल्टची आणि आपला ट्रान्सफॉर्मर तीन हजारांचा, तेव्हा थरांमधलं इन्सुलेशन आणि कडेची मोकळी जागा त्याच्या सवयीपेक्षा बरीच जास्त हवी. दोन, व्हार्निश भट्टीत पूर्ण सुकू द्यायचं, पावसाळ्यात तर जास्तच. त्याच्याकडे मेगर असतो, आपल्याकडे बहुधा नसतो. दोन जुने ट्रान्सफॉर्मर नेऊन त्याच्याशी दोस्ती करून ठेवा.

अँटेनाकडून येणारे बिघाड ओळखायला अवघड, कारण काही वेळा ते सुधारणेच्या रूपात येतात. पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा आकडा, अचानक चांगला दिसू लागला, सगळ्या बँडवर दीडच्या आत, तर आनंद मानू नका. पीएल-२५९ कनेक्टरमधून पाणी जाळीत शिरलं असेल तर केबल इतकी शक्ती खाते की अँटेनावरून परतलेली लाट मीटरपर्यंत पोचतच नाही. काटा खाली, ऑपरेटर खूश, आणि दूरचा माणूस विचारतोय की आज पीए बंद आहे का. पक्कं करायचं तर केबलच्या टोकाला डमी लोड लावून पीएपाशी आणि टोकापाशी अशा दोन्ही ठिकाणी पॉवर मोजा. याउलट एसडब्ल्यूआर ३ वर गेला तर पंचवीस टक्के शक्ती परत येते. ट्यूबचा पीए ट्यून-लोडच्या खुंट्या फिरवून बरंच सांभाळून घेतो. ट्रान्झिस्टरच्या पीएला खुंट्या नसतात. त्याचं संरक्षण-सर्किट वेळेत जागं झालं नाही तर ड्रेनवरचं व्होल्टेज मर्यादा ओलांडतं. नव्या एलडीमॉस ट्रान्झिस्टरच्या कागदावर ६५ ला १ एसडब्ल्यूआर सहन करतो असं लिहिलेलं असतं. ती चाचणी ठरावीक स्थितीत, मोजक्या वेळासाठी केलेली असते. तिच्या भरवशावर तुटलेल्या डायपोलवर हाका मारू नयेत.

अर्थिंगबद्दल इथल्या जमिनीमुळे वेगळं सांगावं लागतं. काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा टाकते. सळईभोवतीची माती सळई सोडते. जानेवारीत चांगलं असलेलं अर्थिंग वळवाच्या पहिल्या विजेच्या दिवशी नावालाच उरलेलं असतं. मीठ-कोळसा भरून उन्हाळाभर त्या खड्ड्यात पाणी टाकत राहा. आकाश गडगडू लागलं की अँटेनाची केबल आणि मेन दोन्ही काढून ठेवा. त्याला अर्थिंग हा पर्याय नाही.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे, पण तो करायला कुणी बसत नाही. साठ टक्के कार्यक्षमतेचा पीए ४०० वॅट बाहेर देताना अडीचशेहून जास्त वॅट डब्यातच गरमीच्या रूपात सोडतो. कागदावरचे आकडे खोलीत पंचवीस अंश आहेत असं धरतात. मंठ्यात मेच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत चाळीसच्या पुढे असतं. म्हणजे सुरक्षिततेसाठी ठेवलेले पंधरा-सतरा अंश पीए सुरू होण्याआधीच संपलेले. त्यात कापसाचा हंगाम. जिनिंगच्या दिवसांत हवेत तरंगणारी रुई पंख्याच्या जाळीवर आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसते, वर धूळ बसते, आणि गोधडीसारखा थर जमतो. पंखा फिरतोय, आवाज येतोय, पण हवा जात नाही. जाळीपुढे हात धरून हवा लागते का ते बघणं हा सगळ्यात स्वस्त तपास. ब्लोअरनं साफ करताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब करतं. आणि थंडीत पालींकडे लक्ष असू द्या. त्या उबेला आत शिरतात, एचटीच्या दोन टोकांमध्ये येतात, आणि जळालेल्या रेझिस्टरचं कारण शोधत बसलेल्याला तिथे शेपूट सापडते.

ट्रान्झिस्टरच्या पीएत उष्णतेचा आणखी एक खेळ असतो. घरगुती पीएत भरपूर वापरला जाणारा आयआरएफ ५१० हा मुळात स्विचिंगसाठी बनलेला मॉसफेट. लघुलहरींवर तो चांगला चालतो हा हौशी मंडळींनी लावलेला शोध, आणि स्वस्तात मिळतो म्हणून तो शिकण्यासाठी उत्तमही. पण कमी करंटला तो गरम झाला की त्याच बायसवर जास्त करंट ओढतो, म्हणून आणखी गरम होतो. बायसच्या सर्किटातला डायोड किंवा थर्मिस्टर हीटसिंकला चिकटलेला नसेल, तर पाचव्या मिनिटाला फेट जातो. मालक म्हणतो, काहीच केलं नव्हतं. खरंच त्यानं काही केलेलं नसतं. या फेटचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो, त्यामुळे अभ्रक किंवा सिलिकॉनचा तुकडा मधे हवा. आणि पेस्ट लावायची ती पातळ. चमचाभर पेस्टनं उष्णता अडते.

ज्या बिघाडानं लोकांना मी सर्वांत जास्त चक्रावलेलं पाहिलं आहे, तो मात्र आउटपुटचा नसतो, ऐकण्याचा असतो. पीए स्टँडबायवर असताना अँटेनावरून येणारा सिग्नल त्याच्याच रिलेच्या पॉइंटमधून रिगकडे जातो. तिथला करंट इतका नगण्य असतो की पॉइंटवर चढलेला ऑक्साइडचा पापुद्रा त्यानं फुटत नाही. ऐकू कमी येतं, एकदा पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबून सोडलं की पुन्हा खणखणीत येतं. लोक रिग उघडतात, आयएफ ट्रान्सफॉर्मर फिरवतात, भलतंच करून बसतात. रिगचा काहीच दोष नसतो. पॉइंट साफ करायला पॉलिशपेपर नको, त्यानं वरचा चांदीचा मुलामा जातो. चांगल्या कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवून मधून ओढावी.

बिघाड शोधायचा क्रम पुस्तिकेत तपशिलानं आहे. त्यातलं एकच तत्त्व इथे: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी मोजा. शंभर वॅटच्या जुन्या बल्बचा सिरीज बोर्ड प्रत्येक रेडिओवाल्याकडे असायचा; तो आजही कुठल्याही महागड्या यंत्राइतका उपयोगी आहे. पीए त्यातून लावला आणि बल्ब भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट आहे, थांबा. क्षणभर चमकून मंद झाला तर कपॅसिटर भरले, पुढे जा. मीटरही पुष्कळ बोलतात. एचटी आहे पण प्लेट करंट शून्य, तर बायसची वाट किंवा कॅथोडचा फ्यूज तुटलाय. ड्राइव्ह नसताना करंट वाढत चाललाय, तर बायस गेलाय किंवा ट्यूबमध्ये वायू आहे. एकाच बँडवर आउटपुट कमी, तर ट्यूबला हात लावू नका. बँड स्विच किंवा त्या बँडचा फिल्टर बघा. आउटपुट वर्षभरात हळूहळू उतरलं, तर ट्यूब. एका रात्रीत उतरलं, तर ट्यूब सोडून सगळं.

आता जीवाची गोष्ट. पुस्तिकेचं पहिलं प्रकरण याचंच आहे आणि ते वगळून पुढे जाऊ नये असा माझा आग्रह आहे. हीथकिटच्या एसबी-२२० या जुन्या, अजून जगभर चालणाऱ्या पीएत २०० मायक्रोफॅरडचे आठ कपॅसिटर एकापुढे एक आहेत. मिळून २५ मायक्रोफॅरड, त्यांवर तीन हजार व्होल्टपर्यंत. साठलेली ऊर्जा ११२ ज्यूल, छातीतून गेली तर माणूस मरायला पुरेशी. प्रत्येकावर ३० किलोओहमचा ब्लीडर आहे. मेन बंद केल्यावर व्होल्टेज निरुपद्रवी व्हायला साधारण अर्धा मिनिट लागतो. पण हा हिशेब सगळे ब्लीडर शाबूत असतील तर. एक जरी तुटला असेल, तर त्याच्याखालचा कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून बसतो. म्हणून आधी प्लग सॉकेटातून काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग थांबायचं, मग वायरमन वापरतो तशी अर्थिंगची काठी घ्यायची: कोरडा लांब पीव्हीसी पाइप, टोकाला हूक, हुकाला रेझिस्टरमधून चॅसीला जोडलेली वायर. चॅसीची चिमटी आधी, हूक नंतर. काम चालू असेपर्यंत हूक तिथेच लटकलेला. एक हात खिशात, पायात रबरी चप्पल, घरात दुसरं माणूस जागं. पॅनेलवरच्या एचटी मीटरचा काटा शून्यावर आहे म्हणून हात घालायचा नाही, कारण मीटरचा रेझिस्टर तुटला तरी काटा शून्यच दाखवतो.

ज्यातून झटका बसत नाही असा धोकाही आहे. जुन्या आरएफ ट्रान्झिस्टरांच्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकतं. अखंड असेपर्यंत त्याचा त्रास नाही, पण घासलं, कापलं, फुटलं तर ती धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. लष्करी भंगारातल्या मोठ्या तेलाच्या कपॅसिटरांमध्ये पीसीबी तेल असायचं. गळका दिसला तर बोटही लावू नका.

भंगारावरून सुटे भाग आठवले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी माल मुंबईच्या चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर आला, आणि ८०७, ८१३ या ट्यूबांवर हॅमच्या पिढ्या वाढल्या. पुढे भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्रान्समिटिंग ट्यूबही हौशी हातांत पोचल्या. आज ट्यूब शोधणं हा एक उद्योग झाला आहे, आणि ट्रान्झिस्टरच्या बाबतीत खोट्या मालाचा सुळसुळाट. तोशिबानं बनवणं थांबवलेला २सी२८७९ “नवा कोरा” म्हणून आला, तर छपाई अॅसिटोनच्या बोळ्यानं पुसून बघा. जोडीनं लावायचे ट्रान्झिस्टर घेताना दोन जास्त घ्या आणि मोजून जुळवा. बाजारातल्या “मॅच्ड पेअर” या शब्दांवर माझा फारसा विश्वास नाही.

पुस्तिका लघुलहरींच्या पीएपुरती आहे. व्हीएचएफच्या पीएचे प्रश्न पुष्कळ वेगळे, त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. गणित गरजेपुरतंच ठेवलं आहे, आणि शब्द दुकानात चालतात तेच वापरले आहेत. शेवटी रकाने आखलेली कोरी पानं आहेत. ती पीए बिघडल्यावर भरण्यासाठी नाहीत, चांगला चालत असतानाच भरायची आहेत: सॉकेटातलं व्होल्टेज, फिलामेंटचं व्होल्टेज, लोड नसताना आणि लोडवर एचटी, ड्राइव्हशिवायचा प्लेट करंट, आणि प्रत्येक बँडवर ड्राइव्ह, आउटपुट, ग्रिड करंट, एसडब्ल्यूआर, ट्यून आणि लोडच्या खुंट्यांचे आकडे. वर तारीख आणि खोलीतलं तापमान. मेच्या दुपारी एक पान, जानेवारीच्या पहाटे एक. पेन्सिलनं लिहा, ट्यूब बदलली की आकडे बदलतात.